मासळीबाजार खुला करायला गेलो तेव्हा

रत्नागिरीहून परत आल्यावर पहिल्या चार जणांनी आंब्यांची चौकशी केली. माघ महिन्यात आंबे नसतात, मोहोर असतो, आणि मोहोर पिशवीत घालून आणता येत नाही. पाचवी माझी बहीण. तिने विचारलं, मग गेली होतीस कशाला? त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून बसून लिहून काढते आहे.

मी पुण्यात राहते आणि भाषांतरं करते. मुंबईतली एक संस्था मला बरीच वर्षं काम देते. शहरांचा कारभार कसा चालावा याचा अभ्यास ही संस्था करते, आणि शहर कुठलंही असो, दुखणं कुठलंही असो, तिचं औषध ठरलेलं आहे: परवाने कमी करा, निरीक्षक कमी करा, बाजार खुला सोडा, बाकीचं लोक बघून घेतील. रिक्षा, घरभाडी, पाणी, फेरीवाले, सगळ्यांना हीच मात्रा. मला स्वतःला यातलं निम्मं पटतं. कुठलं निम्मं, ते दरवर्षी बदलतं. संस्थेतली माणसं हुशार, सज्जन आणि वातानुकूलित आहेत.

पावसच्या पुढे खाडीकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या बायकांनी तशी ताकीद दिली आहे. तिथे नगरपंचायत झाली तेव्हापासून कागदोपत्री ते शहर आहे. गावात अजून कोणाला तसं वाटत नाही, पण आमच्या संस्थेला अभ्यासाला शहरच लागतं. तिथे मुख्य रस्त्याच्या कडेला बारा बायका मासे विकायला बसतात. नगरपंचायतीने त्यांच्यासाठी मंडई बांधली आहे आणि बायका तिकडे जायला तयार नाहीत. नव्या मुख्याधिकाऱ्यांनी संस्थेला लिहिलं की येऊन बघा, आणि गुरुवारच्या सभेत तुमचं मत सांगा.

मत तयारच होतं. संस्थेतल्या सारंगने ते मुंबईत बसून लिहिलं होतं आणि मी पुण्यात बसून त्याचं मराठी केलं होतं. रस्त्यावरचा मासळीबाजार हा खुल्या बाजाराचा उत्तम नमुना आहे, तिथे ना परवाना ना साहेब, तरी सगळं सुरळीत चालतं, म्हणून बायकांना आहे तिथेच बसू द्यावं, असा त्याचा मथितार्थ होता. आता फक्त जाऊन ते खरं आहे का, एवढंच बघायचं होतं.

सोमवार, रत्नागिरी ते खाडीकाठ

सारंग मुंबईहून रेल्वेने आला, मी पुण्याहून एसटीने. सारंगचं वय तिशीच्या आत, अर्थशास्त्रातली मोठी पदवी, मूळचा अमरावतीकडचा आणि पक्का शाकाहारी. मासळीबाजाराचा अभ्यास करायला मासा न खाणारा माणूस का पाठवला, असं मी विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला की त्यामुळे निष्पक्षपणा राहतो.

रत्नागिरीत आम्ही एका खानावळीत जेवलो. सारंगने शाकाहारी थाळी मागितली तेव्हा वाढणाऱ्याने त्याच्याकडे काळजीने पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "त्यांना बरं नाय काय?" मग त्याने आपणहून सोलकढीची दुसरी वाटी आणून ठेवली. मी सुरमईची तुकडी संपवीपर्यंत सारंग कढीच्या रंगाबद्दल बोलत होता.

भाट्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला सुरूचं बन आणि त्यामागे समुद्र. मग रस्ता चढून कातळावर येतो. त्या दिवसांत कातळावरचं गवत पिवळं पडलेलं असतं, मधूनमधून चिऱ्यांचे कुंपणासारखे गडगे आणि वर नुसतं आभाळ. सारंगला एवढी जमीन मोकळी पडलेली पाहून अस्वस्थ वाटलं. पावस आलं तसा मोहोराचा वास रिक्षात शिरला आणि त्याने डोकं बाहेर काढलं.

आमची राहायची सोय आंब्याच्या बागेतल्या एका घरी होती. घरमालकीण माई. पुण्यात नव्या माणसाला आधी विचारतात, काम काय काढलंत? इथे विचारतात, तुम्ही कोणाकडचे? मी कोणाकडचीच नाही हे कळल्यावर माईंना माझी दया आली. रात्री कुळथाची पिठी आणि भात होता. सारंगने पिठी तीनदा घेतली आणि ठेचा आहे का विचारलं. माईंनी ओल्या खोबऱ्याची चटणी दिली. तो वऱ्हाडी माणूस ती खाऊन नम्रपणे म्हणाला, गोड आहे.

मंगळवार, रांग

बायका सकाळी आठला बसतात. एसटी थांब्यापासून खाडीच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता, त्याच्या एका कडेला बारा पाट, बारा कोयते, बारा टोपल्या. काही खारवी घरांतल्या, काही मुसलमान घरांतल्या. बसण्याच्या क्रमात काही भेद दिसला नाही. बांगडा, कोळंबी, मांदेली, एका टोपलीत नांग्या हलवणाऱ्या जिवंत कुर्ल्या. मधोमध यमुनाकाकी. साठी ओलांडलेली, नाकात चमकी, आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या होडीलाही भाव कळावा.

सारंगने नाव सांगितलं तशी ती हसायला लागली आणि शेजारणींनाही सांगितलं. या भागात पापलेटाला सरंगा म्हणतात. सरंगा स्वतःच चालत आला आणि वर मासे खात नाय म्हणतो, यावर रांग पुढचा अर्धा तास सुखात होती.

मग त्याने टॅब काढला. त्यात बेचाळीस प्रश्न होते, त्यांचं मराठी मी केलं होतं, तेव्हा पुढच्या गोष्टीत माझाही वाटा आहे. पहिला प्रश्न: बाजारपेठेत प्रवेश करताना आपल्याला अडथळे आले का? यमुनाकाकी विचार करून म्हणाली, "येताना? नाय. आता डांबर घातलंय, रस्ता चांगला हाय." सारंगने 'नाही' वर बोट टेकवलं आणि समाधानाने माझ्याकडे पाहिलं. प्रवेश खुला असल्याचं सिद्ध झालं होतं.

दहा वाजेपर्यंत त्याचं समाधान उतरत गेलं. एकीकडचा बांगडा ज्या भावाला, त्याच भावाला बाराही जणींचा. सकाळी यमुनाकाकी भाव बोलते, तोच सगळ्यांचा. दहानंतर उतरवायचा, तोही तिने उतरवल्यावर. बसायची जागा सासूकडून सुनेकडे जाते. नवीन बाई बसत नाही. का बसत नाही, असं सारंगने विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. कोणाच्या घरात कोणी जाऊन राहतं का, असं एकीने उलट विचारलं.

"ताई," सारंग मला बाजूला घेऊन म्हणाला, "हा खुला बाजार नाही. हे कार्टेल आहे, ठरवून भाव बांधणारी टोळी."

मी म्हटलं, त्या याला रांग म्हणतात.

दुपारी आम्ही मंडई बघून आलो. एसटी थांब्याच्या मागे चढण चढून कातळावर बांधलेली, पांढऱ्या फरशीची, नळ असलेली, हवेशीर आणि रिकामी. एका ओट्यावर कोणीतरी आमसुलं वाळत घातली होती. गिऱ्हाईक धक्क्याच्या रस्त्याने येतं आणि त्याच रस्त्याने घरी जातं. चढण चढून मासे घ्यायला कोण येणार, हे आम्हाला घाम पुसतानाच कळलं.

उतरताना वळणाजवळ, गावातल्या छोट्या पुलाच्या अलीकडे, एक बाई एकटीच टोपली घेऊन बसलेली दिसली. पस्तिशीची असेल. नाव नसीमा. तिच्या टोपलीतला बांगडा रांगेतल्यापेक्षा स्वस्त होता आणि समोर गिऱ्हाईक कोणी नव्हतं. तिचा नवरा कुवेतला होता, पाठीचं दुखणं घेऊन परत आला, आता त्याला वजन उचलता येत नाही. म्हणून ही धक्क्यावर लिलावात मासळी घेते आणि इथे बसते. रांगेत का बसत नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली, तिथे जागा नाही.

सारंगचा चेहरा उजळला. बेचाळीस प्रश्नांत जे सापडलं नाही ते त्याला पुलाजवळ सापडलं होतं. त्याने नसीमाला अगदी कळकळीने समजावलं की रस्ता सार्वजनिक आहे, तिथे बसायला कोणाचीही परवानगी लागत नाही आणि तिला कोणीही अडवू शकत नाही. मी त्याला थांबवायला हवं होतं. पण ते सगळं खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्याला थांबवायचं कसं हे मला सुचलं नाही.

बुधवार, गावाला मासे नाहीत

बुधवार हा इकडे मासे खाण्याचा वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात, त्यामुळे बुधवारी रस्ता भरलेला असतो. आठला आम्ही पोहोचलो तेव्हा नसीमा रांगेच्या टोकाला पाट मांडून बसलेली होती. सारंग तिच्याकडे पाहून हसला.

कोणी तिला अडवलं नाही. कोणी एक शब्द बोललं नाही. यमुनाकाकीने एकदा तिकडे पाहिलं, मग कोयता धुतला, फडक्यात गुंडाळला, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. तिच्यामागून दुसरी उठली. पाच मिनिटांत बाराही जणी गेल्या होत्या. रस्त्यावर उरली नसीमा, तिची टोपली आणि पिशव्या घेऊन उभे असलेले तीसचाळीस लोक.

सारंगला वाटलं, आता सगळे तिच्याकडून घेतील. कोणी घेतलं नाही. एक म्हातारे गृहस्थ तिच्यापर्यंत गेले, टोपलीत डोकावले आणि मान हलवून परत फिरले. आज हिच्याकडून घेतलं की उद्यापासून बारा जणींशी वैर, हा हिशोब सगळ्यांना पाठ होता. हळूहळू लोक पांगले. जाताना ते नसीमाकडे नाही, आमच्याकडे बघत होते.

साडेदहाला सारंग तिच्यापुढे जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला की सगळी टोपली मी घेतो.

नसीमाने मान हलवली. "तुमी मासा खात नाय, सायेब. मासा खाणाऱ्याला विकायचा. उगाच फेकायला कशाला देऊ?" मग तिने टोपली झाकली आणि म्हणाली की मीठ लावून वाळवीन. ती उठून गेली तेव्हा सारंग तिथेच बसून होता. पाटाखालची ओली जागा वाळेपर्यंत तो उठला नाही.

घरी माईंनी आम्हाला घावणे आणि नारळाचा गोड रस वाढला आणि सांगितलं की सगळ्या गावात बटाट्याची भाजी शिजली आहे. त्यांच्या घरी मासे शिजत नाहीत, तरी त्यांनाही ते बोचलं होतं. दुपारी मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. माणूस सभ्य. ती मंडई त्यांनी बांधली नव्हती, त्यांच्या गळ्यात पडली होती, आणि रिकामी मंडई दिसली की वरून विचारणा होत होती. ते म्हणाले, आजचा प्रकार कळला, बरंच झालं. बारा बायका ठरवून गावाचे मासे बंद करतात, हे उद्या सभेत मांडू. मंडईत नेऊन बसवलं, चिठ्ठ्या टाकून ओटे वाटले की प्रश्न मिटेल.

सारंगने फोन ठेवला आणि म्हणाला, ताई, हे माझ्यामुळे होतंय.

संध्याकाळी आम्ही यमुनाकाकीच्या घरी गेलो. घर धक्क्याजवळच, अंगणात जाळ्यावर मांदेली वाळत घातलेली. तिने बसायला सांगितलं, चहा दिला, आणि कशाला आलात हे विचारलं नाही. सारंगने सरळ सांगून टाकलं की नसीमाला बसायला मी सांगितलं. ती म्हणाली, ठाऊक हाय.

मग तिने रांगेबद्दल सांगितलं, घाई न करता, मधूनमधून मांदेली उलटीत. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने तिची टोपली रांगेने विकली. एकीचा नवरा समुद्रावरून परत आला नाही, तिची जागा वर्षभर रिकामी ठेवली, तिथे टोपली ठेवायलाही कोणी धजलं नाही. त्यासाठी जागा ठरलेली लागते आणि भाव एक लागतो. सारंग पुटपुटला की हा विमा झाला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक शब्द असतो.

नसीमाच्या सासूचीही जागा रांगेत होती, हे तेव्हा कळलं. यमुनाकाकीच्या अगदी डाव्या हाताला. मुलगा कुवेतला गेला आणि पैसे येऊ लागले तशी सासू रांगेतून उठली.

"उठली त्याचं कायपण नाय," यमुनाकाकी म्हणाली. "पण जाताना बोलली, आता आमाला रस्त्यावर बसायची गरज नाय. अवो, आमी बसतंवच ना रस्त्यावर. बारा जणी बसलेल्या, त्यांच्या तोंडावर बोलली."

मी विचारलं, त्यात नसीमाचा काय दोष?

"दोष नाय. पण येऊन बोलायचं तरी. चार पावसाळे झाले, पुलाजवळ बसते, तोंड फिरवून जाते."

परतताना आम्ही नसीमाकडे थांबलो. ती दारात बांगड्यांना मीठ चोळत होती. येऊन बोलायचं म्हणते काकी, असं मी सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, "मी का बोलू? मी काय बोलले होते?" दोघींचंही बरोबर होतं आणि दोघींच्या घरांत शंभर पावलांचं अंतर होतं.

गुरुवार, सभा

सभागृहात नगरसेवक, मुख्याधिकारी, रांगेतल्या बाराही जणी ठेवणीतल्या साड्या नेसून, ओढण्या घेऊन, आणि शेवटच्या खुर्चीवर नसीमा. तिला मुख्याधिकाऱ्यांनी बोलावणं धाडलं होतं. सारंगच्या हातात मुंबईत लिहिलेले कागद होते, माझं मराठी केलेले. त्याने ते उघडले नाहीत.

तो उभा राहिला आणि म्हणाला की मी येण्याआधी जे लिहिलं होतं ते चुकलं आहे. हा बाजार मला वाटला तसा नाही. तो कसा आहे हे चार दिवसांत मला पुरतं कळलेलंही नाही. पण काल मासे मिळाले नाहीत ते माझ्या सल्ल्यामुळे, तेव्हा ते या बायकांच्या खात्यावर लिहू नका. मंडईबद्दल एवढंच सांगतो की मी ती चढण चढलो आहे. एवढं बोलून तो बसला. संस्थेच्या इतिहासात एवढं छोटं सादरीकरण झालं नसेल.

मुख्याधिकाऱ्यांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं आणि नसीमाला उभं राहायला सांगितलं. अगदी आपुलकीने ते म्हणाले की तुमच्यावर अन्याय झाला आहे. मंडई सुरू झाली तर पहिला ओटा तुम्हाला, कोणाच्या मेहरबानीने नाही, नगरपंचायतीच्या शिक्क्याने. तुम्ही फक्त सभेला सांगा की तुम्हाला मंडई हवी आहे.

मी सारंगकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. नसीमाने 'हो' म्हटलं असतं तर तिला कोण नावं ठेवणार होतं? चार वर्षं तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं आणि आज एक साहेब तिला पहिला ओटा देत होता. तिने ओढणी सारखी केली.

"सायेब, ओटा घेऊन काय करू? गिऱ्हाईक वर येणार नाय. हितल्या बायका बरोबर सांगतायत. बसायचं तर रस्त्यावरच." ती थांबली, आणि मग यमुनाकाकीकडे न बघता म्हणाली, "रस्त्यावर बसण्यात कायपण कमीपणा नाय."

यमुनाकाकी पहिल्या रांगेत पाठमोरी बसलेली, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. ती मागे वळली नाही. समोर मुख्याधिकाऱ्यांकडे बघतच तिने, भाव बोलते त्या आवाजात, सांगितलं, "उद्या माज्या डाव्या हाताला बस, बाय. आठाला ये. आणि भाव मी बोलल्याबिगर तू बोलायचा नाय."

नसीमा म्हणाली, "बरं, काकी."

मुख्याधिकारी काही वेळ आपल्या पेनाचं टोपण काढत घालत राहिले. मग त्यांनी जरा केविलवाणं विचारलं, मग त्या इमारतीचं मी काय करू? या प्रश्नावर सभा एकदम रंगात आली. कोणी व्यायामशाळा म्हणालं, कोणी वाचनालय. यमुनाकाकीच म्हणाली की बर्फाची मोठी पेटी ठेवा आणि पावसात आमची सुकी मासळी ठेवायला द्या, त्यासाठी आमी चढण चढू. तसा ठराव झाला. बायकांना हलवण्याचा विषय अधिक अभ्यासासाठी पुढे ढकलण्यात आला. अधिक अभ्यास या शब्दांवर सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि आम्ही मान खाली घातली.

दुपारी सारंगने संस्थेच्या संचालकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, यातून आपल्या भूमिकेला बळ मिळतं की नाही ते सांग. सारंग म्हणाला, सर, ते मला अजून ठरवता येत नाहीये. त्याने हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. फोन झाल्यावर तो माईंच्या पडवीत झोपाळ्यावर बसून राहिला आणि त्याने चटणी-भाकरी मागून घेतली. या वेळी गोड आहे म्हणाला नाही.

शुक्रवार, परत

रत्नागिरीला जाणारी एसटी नऊला होती. आम्ही बॅगा घेऊन आठलाच रस्त्यावर आलो. रांगेत तेरा पाट होते. यमुनाकाकीच्या डावीकडची बाई पाऊणएक हात सरकली होती, तिच्यापुढच्या सगळ्याच थोड्या थोड्या सरकल्या होत्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत नसीमा बसली होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण यमुनाकाकीच्या बादलीतलं पाणी नसीमा हात धुवायला घेत होती.

मी बांगड्यांचा भाव विचारला. नसीमाने सांगितला. यमुनाकाकीला विचारला, तोच. मंगळवारी पुलाजवळ हीच नसीमा किती कमी सांगत होती ते मला चांगलं आठवत होतं. मी तिच्यासमोर बसून, आपली आता ओळख झाली आहे वगैरे बोलून, थोडं कमी कर म्हटलं.

नसीमाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून यमुनाकाकीकडे पाहिलं. यमुनाकाकी खाडीकडे बघत होती.

"नाय परवडत, ताई," नसीमा म्हणाली.

सारंग माझ्यामागे उभा होता. तो कळवळून म्हणाला, "ताई, कार्टेल तेच, आता बाराच्या तेरा झाल्या फक्त." मी म्हटलं, लिही तसं, मी मराठी करीन.

मी रांगेच्या भावाने सहा बांगडे घेतले. नसीमाने ते कापले, धुतले, बर्फाचा चुरा घालून पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. मला आणखी काही बोलायचं होतं, निदान येते म्हणायचं होतं. पण माझ्यामागे चार माणसं पिशव्या घेऊन उभी होती, आणि नसीमा मला हाताने जरा बाजूला व्हायला सांगत होती.